कोरड्या बोअरमधली ऊब

बाहेर सत्तेचाळीस अंश आणि आत पुरुषोत्तमराव ताथोड कढत पाण्यानं अंघोळ करताहेत, हा प्रकार अकोल्याच्या सूतगिरणी कॉलनीनं त्या वर्षीच्या मे महिन्यात पहिल्यांदा पाहिला. पाहिला म्हणजे ऐकला. न्हाणीघराच्या झरोक्यातून वाफ बाहेर यायची आणि तिच्या पाठोपाठ कण्हल्याचा आवाज. सकाळी एकदा, भर दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा. अंघोळ करून आलेला माणूस ताजातवाना दिसतो. पुरुषोत्तमराव बाहेर यायचे ते शिजून निघाल्यासारखे, आणि कूलरसमोर तोंड उघडं टाकून पडायचे.

समोरच्या मंगलाबाई बोचरेंना भीडभाड नव्हती. त्यांनी तोंडावरच विचारलं.

"भाऊ, डोक्यावर बर्फ ठेवाचे दिवस हायेत अन् तुम्ही कढत पान्यानं आंग धुऊन राह्यले. तब्येत बरी हाय ना?"

"गुडघे दुखतात," पुरुषोत्तमराव म्हणाले.

हे काही अगदीच खोटं नव्हतं. तेलगिरणीच्या बॉयलरवर चौतीस वर्षं उभं राहून काढलेल्या माणसाचे गुडघे दुखणारच. पण गुडघ्यांसाठी एक घमेलंभर पाणी पुरतं. तीन तीन अंघोळींचं कारण भिंतीपलीकडं होतं, आणि ते मंगलाबाईंना सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या अकोल्याला सांगितल्यासारखं झालं असतं.

भिंतीपलीकडं श्रीधर राहायचा. पुरुषोत्तमरावांचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते.

*

भांडणाचं कारण सांगायलाही लाज वाटावी असं होतं. वडिलांनी शेजारी शेजारी दोन प्लॉट घेऊन ठेवले होते, त्यावर दोघा भावांनी दोन घरं बांधली आणि मध्ये दोघांत मिळून एक बोअर घ्यायचं ठरवलं. श्रीधर शाळेत भूगोल शिकवायचा. त्यानं यंत्रानं पाहणी करणारा माणूस आणला. यंत्र म्हणालं, उत्तरेच्या कोपऱ्यात खणा. पुरुषोत्तमरावांनी पातूरहून पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ घेऊन दोन्ही प्लॉटांवर फिरला आणि बरोबर मधल्या हद्दीवर नारळ उभा राहिला. थोरल्याचा शब्द चालला. बोअरची गाडी आली, पाचशे वीस फूट खाली गेली आणि पाण्याचा थेंब निघाला नाही. नुसती काळ्या दगडाची भुकटी उडत राहिली. सगळी गल्ली बघायला जमलेली, आणि मधोमध पुरुषोत्तमराव डोक्यापासून पायांपर्यंत राखाडी होऊन उभे.

त्यांना तसं पाहून श्रीधर हसला. बाकी काही केलं नाही त्यानं. "दादा, तो नारळ तरी फोडून खाऊ," एवढंच म्हणाला.

"आजपासून तू माहा कोनी नाई," पुरुषोत्तमराव चारचौघांत म्हणाले.

राग तासाभरात उतरला. शब्द मात्र तिथंच राहिले. चौथ्या दिवशी श्रीधरनं दोन घरांच्या मध्ये सात फूट भिंत घातली, आणि बोअरचं तोंड बरोबर भिंतीच्या पायाशी, अर्धं इकडं अर्धं तिकडं, झाकणाखाली राहून गेलं.

मग दोघंही वाट बघत बसले, समोरचा आधी बोलेल म्हणून. अशी वाट बघण्यात वर्षं कशी जातात ते कळत नाही. तीन वर्षांपूर्वी पुरुषोत्तमरावांच्या पत्नी, कुमुदिनीबाई, गेल्या. मोक्षधामात श्रीधर आला होता. मागं लिंबाच्या झाडाखाली उभा राहिला आणि सगळं आटोपल्यावर निघून गेला. मागच्या वर्षी नागपुरात श्रीधरच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. पुरुषोत्तमरावांना ते मंगलाबाईंकडून कळलं. डॉक्टरांनी त्याला ऊन आणि उकाडा दोन्ही टाळायला सांगितलंय, हेही कळलं. ते दोन दिवस फोन मांडीवर घेऊन बसले होते. नंबर पाठ होता. पण लावला नाही.

*

त्या सुमाराला अकोल्याचा उन्हाळा पन्नासाला टेकायला लागला होता आणि साध्या एसींनी हात टेकले होते. एसी घरातली उष्णता उचलून बाहेरच्या हवेत फेकतो. बाहेरची हवाच पन्नास अंशांची झाली की फेकायचं कुठं? शिवाय प्रत्येकानं आपापल्या घरातली उष्णता गल्लीत फेकली, की गल्लीची भट्टी होते.

तेव्हा कोणाला तरी शहरातल्या कोरड्या बोअरी आठवल्या. अकोल्यात त्यांना तोटा नव्हता. पाण्याच्या आशेनं घरटी दोन दोन भोकं पाडलेली. जमिनीखाली तीस-चाळीस फुटांच्या पुढं ना उन्हाळा पोचतो ना हिवाळा. तिथं बारा महिने एकच तापमान असतं, साधारण एकोणतीस अंश. म्हणून कोरड्या बोअरमध्ये तळापर्यंत जाऊन परत वर येणारी नळी सोडायची, मधली फट चिखलासारख्या मसाल्यानं बुजवायची आणि नळीतून पाणी खेळवायचं. घरातली उष्णता हवेत न फेकता त्या पाण्याबरोबर खाली दगडात सोडायची. योजनेचं नाव बरंच लांबलचक होतं. लोक नुसतं 'बोअर-थंडी' म्हणायचे.

ह्या योजनेची तंत्रज्ञ होती निकहत शेख. वय सव्वीस, बोलण्यात ठासून आत्मविश्वास. मार्च महिन्यात ती काळ्या नळीचं मोठं भेंडोळं तीनचाकीवर घालून आली.

"काका, एका बोअरवर दोन घरं आहेत. तुमच्या भावाला थंडीचं मशीन हवंय, दोघांची सही लागेल. तुम्ही दोघं एका जागी बसलात तर मी एकदाच समजावून सांगते."

"मी तिकडं जानार नाई."

"तेही हेच म्हणाले. नाही येणार म्हणून."

मग तिनं आधी पलीकडं जाऊन सांगितलं आणि नंतर इकडं येऊन.

"तुम्हाला थंडी नको असेल तर पाणी तापवायचं मशीन देते. तुमच्या ह्याच जुन्या गिझरला जोडू. हा उष्णतेचा पंप आहे. पाण्याचा पंप पाणी खालून वर चढवतो ना, तसा हा कोमट ठिकाणची उष्णता उचलून गरम ठिकाणी चढवतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं, बघितलंय? वायू दाबला की तापतो. बोअरमधून आलेली थोडीशी ऊब ह्यातला वायू घेतो, मशीन त्याला दाबतं, तो सत्तर-ऐंशी अंशांवर जातो आणि गिझरच्या टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरून पाणी तापवतो. चार भाग उष्णतेतले तीन जमिनीचे, एकच विजेचा."

हे सगळं पुरुषोत्तमरावांना लगेच समजलं. बॉयलरवाल्याला दाब आणि ताप शिकवावा लागत नाही. त्यांनी उलट तिच्या जोडणीतला एक सांधा गळका काढून दाखवला आणि नळ्यांवरचं वेष्टण सोडवून स्वतःच्या हातानं पुन्हा घट्ट गुंडाळलं. निकहतला ते आवडलं. मग ती उकिडवी बसून शेवटचं आणि महत्त्वाचं बोलली.

"आता नीट ऐका. तुमच्या भावाच्या घरातली उष्णता ह्या बोअरमध्ये येणार. काळा दगड ती लवकर पुढं जाऊ देत नाही, धरून ठेवतो. नुसती येतच राहिली तर दगड तापत जाईल, आणि बोअर पंचेचाळीसवर गेली की त्यांचं मशीन आपोआप बंद पडेल. म्हणून कोणीतरी ती काढून घ्यायला पाहिजे. तुम्ही जितकं पाणी तापवाल, तितकं त्यांचं घर नीट थंड राहील."

"म्हंजे माह्या आंघोळीनं त्याचं घर थंड?"

"असंच समजा."

पुरुषोत्तमरावांनी सही केली ती इतक्या घाईनं, की निकहतला कागद पुन्हा वाचून दाखवायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नव्या पाण्याची पहिली बादली भरली. निकहत जाता जाता म्हणाली होती की नुसता बसलेला माणूससुद्धा शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. घर गार करणारं मशीन चुलीची, दिव्यांची, भिंतींची आणि माणसांची उष्णता एकत्रच उचलतं. म्हणजे ह्या बादलीत श्रीधरच्या अंगातलीही थोडी ऊब होती. त्यांनी तांब्या खांद्यावर रिकामा केला आणि डोळे मिटून बसून राहिले. अकरा वर्षांत भाऊ इतक्या जवळ आला नव्हता. पासष्ट वर्षांचा माणूस पाटावर बसून रडला आणि मग तोंड धुतलं.

*

न्हाणीघराच्या दाराबाहेर भिंतीवर एक छोटा पडदा लावलेला होता. त्यावर तीन आकडे दिसायचे : शेजारून आज किती उष्णता आली, आपण किती काढून घेतली आणि बोअरचं तापमान किती. बॉयलरवर असताना दर तासाला आकडे टिपायची पुरुषोत्तमरावांना सवय. त्यांनी न्हाणीघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायला सुरुवात केली.

एप्रिलमध्ये आले रोजचे चाळीस युनिट, घेतले चार. बोअर तेहेतीस अंशांवर. मेच्या पहिल्या आठवड्यात आले पंचावन्न, घेतले सहा, बोअर छत्तीस. ते तीनदा अंघोळ करायला लागले ते तेव्हापासून. तरी पुढच्या चार दिवसांत शेजारचा आकडा साठावर गेला, मग पासष्टवर.

त्यातच भिंतीपलीकडून शिंका ऐकू यायला लागल्या. श्रीधर लहानपणापासून शिंकायला लागला की सात शिंका दिल्याशिवाय थांबायचा नाही. पुरुषोत्तमराव मोजायचे. सात झाल्या की त्यांना हायसं वाटायचं, आणि मग काळजी लागायची. भर उन्हाळ्यात नाकाला काय झालं? लहानपणी उन्हाळा लागला की श्रीधरचा घोळणा फुटायचा. शाळेतून यायचा तो सदरा लाल करून. आई शेतावर असायची. मग थोरला भाऊच त्याला ओसरीवर आडवा घालायचा, टाळूवर गार पाणी ओतायचा आणि कांदा फोडून नाकाशी धरायचा. "दादा, मी मरत नाई ना?" श्रीधर दर वेळी विचारायचा.

त्यात आता ते ऑपरेशन झालेलं हृदय. शिवाय घरात कोणी नाही. त्याची बायको मुलीच्या बाळंतपणाला हैदराबादला गेलेली. बिचाऱ्याला इतकं उकडतंय, की मशीन दिवसभर जोरात चालवावं लागतंय. बोअर तापतेय. मशीन बंद पडलं तर?

त्यांनी निकहतला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "काका, तुमच्या तीन बादल्यांनी काय होणार? रोज हजार-दीड हजार लिटर पाणी तापवलंत तर बोअरला फरक कळेल."

आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात दीड हजार लिटर पाणी आणायचं कुठून? आणि मे महिन्यात गरम पाणी घेणार कोण? दोन दिवस ते विचार करत राहिले. तिसऱ्या दिवशी मंगलाबाई अंगणात गव्हाचा चीक काढताना दिसल्या. कुरड्यांचे दिवस. चीक शिजवायला आधणाचं पाणी लागतं. वर्षभराच्या गोधड्या धुवायचे दिवसही हेच. पुरुषोत्तमरावांनी हाक मारली.

"मंगलाबाई, थंडं पानी घेऊन या, गरम घेऊन जा. जितकं आनसान तितकं. फक्त गच्चीवरच्या टाकीतलं आनू नका, ते आधीच तापलेलं असते. खालच्या हौदातलं आना."

"अन् तुम्हाले काय भेटन?"

"मले काय पायजे? मशीन नुसतं पडून हाय."

मंगलाबाईंनी दवंडी पिटायला वेळ लावला नाही. दोन दिवसांत दारात रांग लागली. कुरड्यांचं पाणी, गोधड्यांचं पाणी, कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयातल्या खरकट्या पातेल्यांचं पाणी. बाया ड्रम घेऊन यायच्या, गार पाणी नळीनं आत सोडायच्या आणि पंचावन्न अंशांचं पाणी भरून न्यायच्या. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय ह्यावरचं एकमत तसंच राहिलं, पण आता त्याला कौतुकाची धार आली. घेतलेल्या उष्णतेचा आकडा सहावरून वीसवर गेला, मग पस्तीसवर.

आणि शेजारचा आकडा? तो सत्तरवर गेला. पुरुषोत्तमरावांनी रांग वाढवली. तो ऐंशीवर गेला. ते जितकं काढत होते, त्याच्या वरताण तिकडून येत होतं. दारावरच्या खडूच्या ओळी ते पुन्हा पुन्हा वाचायचे. भिंतीला कान लावून ते उभे राहायचे. पलीकडं मशीनची घरघर, आणि मधून मधून सात शिंका. हाक मारावीशी वाटायची. 'शिऱ्या' एवढंच तर म्हणायचं होतं. ओठापर्यंत यायचं आणि त्यांना स्वतःचेच जुने शब्द आठवायचे.

*

बावीस मेला पारा पन्नासाच्या वर गेला. सकाळी दहालाच बोअर चव्वेचाळीस पूर्णांक दोनवर होती.

पुरुषोत्तमरावांनी गल्लीभर निरोप धाडले. गोधड्या नसतील तर चादरी धुवा, चादरी नसतील तर फरशा धुवा, पण पाणी न्या. बाया डोक्यावर ओले पदर घेऊन येत होत्या. ते स्वतः गुडघे विसरून ड्रम सरकवत होते. बारा वाजता चव्वेचाळीस पूर्णांक पाच. दीड वाजता सात. गरम पाणी न्यायला आता कोणी उरलं नव्हतं. उरलेलं ते स्वतःच्या अंगावर ओतायला लागले. कातडी लाल झाली. मशीन बंद पडलं की पलीकडचं घर तासाभरात भट्टी होणार, आणि आत श्रीधर एकटा. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

दोन वाजता दारात निकहतची गाडी थांबली. तिच्या ऑफिसात ह्या बोअरचा धोक्याचा दिवा लागला होता. ती आधी श्रीधरकडं जाऊन मग इकडं आली. ओल्या टॉवेलात धापा टाकत उभे असलेले पुरुषोत्तमराव पाहून ती दारातच थांबली.

"काका, हे काय चालवलंय? पन्नास खाटांच्या दवाखान्यालासुद्धा एवढं गरम पाणी लागत नाही!"

"त्याचं घर थंडं राहाले पायजे म्हनून. त्याले लई उकडून राह्यलं. आकडा पाह्यला तू? पंच्याऐंशी!"

"त्यांच्या घरात आत्ता किती तापमान आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

"असंन सत्तावीस-अठ्ठावीस."

"एकोणीस."

पुरुषोत्तमरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"एकोणीस अंश, काका. सर स्वेटर घालून बसलेत. वर कानटोपी. नाक लालभडक. सर्दीनं बेजार झालेत. मी म्हटलं, सर, तापमान वाढवा, नाहीतर मशीन बंद पडेल. तर म्हणाले, नाही जमायचं. दादाला गरम पाणी कमी पडेल. त्याचा पाण्याचा आकडा रोज वाढतोय, म्हणजे गुडघे फारच दुखत असणार."

पुरुषोत्तमराव खाली बसले. न्हाणीघराच्या ओल्या उंबऱ्यावरच बसले.

"चूक माझी आहे," निकहत म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "मी दोघांना वेगवेगळं सांगितलं. तुम्हाला म्हटलं, तुम्ही पाणी तापवाल तर त्यांचं घर थंड राहील. त्यांना म्हटलं, तुम्ही घर थंड कराल तर दादांचं पाणी तापेल. दोन्ही खरंच आहे. त्यांच्याही भिंतीवर असाच पडदा आहे. तुम्ही जास्त पाणी काढलंत, त्यांनी घर जास्त गार केलं. ते बघून तुम्ही आणखी काढलंत. महिनाभर हेच चाललंय."

"तुही काय चूक, बाई? तू तं म्हनलं होतं, एका जागी बसा."

चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही बॉयलर हातचा जाऊ दिला नव्हता. एक माणूस कोळसा टाकतोय आणि दुसरा त्याला न विचारता पाणी सोडतोय, असं त्यांच्या पाळीत कधी घडलं नव्हतं. ते उठले. टॉवेलावरच सदरा चढवला आणि चपला न घालता बाहेर पडले. फरशीनं तळपाय भाजले, तेव्हा परत येऊन चपला घातल्या.

*

आपलं फाटक, रस्ता, श्रीधरचं फाटक. पुरी वीस पावलं नव्हती. ह्या वीस पावलांच्या शेवटी पहिलं वाक्य काय म्हणायचं, ह्याचा पुरुषोत्तमरावांनी अकरा वर्षं विचार केला होता. एक लांबलचक वाक्य तयारही होतं. त्यात वडील होते, आई होती, माफीसुद्धा होती.

दार लोटलेलंच होतं. आतून गारठा अंगावर आला. खुर्चीत स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून श्रीधर बसला होता. केस पांढरे झाले होते. त्यानं वर पाहिलं.

"ते बंद कर आधी," पुरुषोत्तमराव म्हणाले. "सर्दी झाली तुले."

"तुह्या गुडघ्याचं काय?"

"गुडघ्याले काय धाड भरली? मी तुह्या घरासाठी पानी काढून राह्यलो होतो."

श्रीधर काही बोलणार तेवढ्यात त्याला शिंक आली. पुरुषोत्तमराव उभ्या उभ्या सातही शिंका संपायची वाट पाहत राहिले. सातवी झाली आणि त्याच वेळी भिंतीवरचं मशीन एकदा थरथरून बंद पडलं. बोअर पंचेचाळीसवर गेली होती.

निकहतनं मागून येऊन पाहिलं. ही बोअर आता चाळीस दिवस तरी कोणी वापरायची नाही, दगडाला हळूहळू निवू द्यायचं, असं तिनं सांगितलं. कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि ती गेली. जाताना तिनं दार मुद्दाम ओढून घेतलं.

दोघं समोरासमोर बसले. घर सावकाश तापायला लागलं. एकवीस. चोवीस. श्रीधरनं कानटोपी काढली, मग मफलर. अठ्ठावीसला स्वेटर काढलं.

"दादा," शेवटी श्रीधर म्हणाला, "वहिनी गेल्या तवा मी आलो होतो."

"पाह्यलं होतं."

"मंग हाक काहून नाई मारली?"

"मले वाटलं, तू थांबशीन."

"मी थांबलो होतो. सगळे गेले तरी थांबलो होतो. तू मागं वळून पाह्यलंच नाई."

पुरुषोत्तमरावांना तो दिवस आठवला. मागं वळलो आणि तो तिथं नसला तर, ह्या भीतीनं ते वळले नव्हते. त्यांनी हे तसंच सांगितलं. सांगताना आवाज फुटला आणि त्यांनी तो फुटू दिला. श्रीधर खुर्ची ओढून जवळ आला. दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून बसले आणि खोलीत बत्तीस अंश झाले.

"चाल," पुरुषोत्तमराव डोळे पुसत म्हणाले. "माह्या घरी कूलर हाय. तुह्या छातीले हा उकाडा चालत नाई."

"थोडं बसू ना अजून."

"तिकडं जाऊन बसू. म्या कुठं जाऊन राह्यलो?"

*

श्रीधर कूलरसमोर आठ तास गाढ झोपला. पुरुषोत्तमराव सकाळी उठले तेव्हा गुडघे खरोखरच ठणकत होते. आदल्या दिवशीचे ड्रम भोवले होते. भिंतीला धरून ते ओसरीवर आले आणि पाय पसरून बसले.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला. श्रीधर गॅसवर पातेलं चढवून उभा होता. मशीन बंद, म्हणून त्यानं पाणी तापवलं होतं. तो पातेलं फडक्यात धरून घेऊन आला, घमेल्यात ओतलं, टॉवेल बुडवून पिळला आणि काही न विचारता थोरल्याच्या गुडघ्यावर ठेवला.

चटका बसला. डोळ्यांत पाणी आलं. पुरुषोत्तमरावांनी दात आवळले. भावानं इतक्या वर्षांनी हातानं काही केलं, आता ह्यात खोड कुठं काढायची, असं त्यांना वाटलं. श्रीधर खाली मान घालून दुसरा टॉवेल पिळत होता. तो ह्याच्यापेक्षाही कढत असणार, हे दिसत होतं.

"शिऱ्या," ते म्हणाले, "लई गरम हाय रे."

श्रीधरनं वर पाहिलं. उठून आत गेला, माठातलं तांब्याभर पाणी आणलं आणि घमेल्यात ओतून हातानं ढवळलं. टॉवेल पुन्हा बुडवला, पिळला, गुडघ्यावर ठेवला.

"आता?"

"आनखी थोडं टाक."

त्यानं आणखी थोडं टाकलं.

"आता?"

"हां. आता बरोबर हाय."